खर्जाच्या रात्री

लंडनच्या दक्षिण भागांत ब्रिक्स्टन नांवाची वस्ती आहे. तेथें १८२४ सालीं पुरें झालेलें संत मॅथ्यूचें प्रार्थनामंदिर उभें असून, त्या विस्तीर्ण वास्तूचा कांहीं भाग पुढें नृत्यगृहाच्या उपयोगासाठीं देण्यांत आला होता. २००५ च्या मार्च महिन्यांत तिच्या खालच्या अंगास असलेल्या 'थर्ड बेस' नामक दालनांत 'डी. एम. झेड.' या नांवानें संगीताची एक रात्र भरविण्यांत आली, आणि मग दर दोन महिन्यांनीं ती भरूं लागली. माला, कोकी, लोफा आणि पोक्स अशीं टोपणनांवें धारण करणारे चार तरुण तिचे चालक होते. दालनांत शोभेची रोषणाई नव्हती, वाद्यवृंद नव्हता. होता तो अंधार, आणि उंच रचलेले प्रचंड कर्णे. त्या कर्ण्यांतून जें संगीत निघे त्यास 'डबस्टेप' हें नांव रूढ झालें.

या संगीताचा जीव खर्जांत आहे. मिनिटास सुमारें १४० मात्रा अशी त्याची गति. परंतु ठळक आघात इतके विरळ पडतात कीं ऐकणारास ती निम्मी वाटावी. मधल्या मोकळ्या जागेंत खर्जाचा स्वर वाहत असतो. सेकंदास ५० कंपनांचा स्वर घेतला तर हवेंतील त्याची एक लाट जवळजवळ सात मीटर लांब भरते. मुठीएवढ्या कर्ण्यांतून असा स्वर नीट उमटतच नाहीं. मोठ्या कर्ण्यांपुढें उभें राहिलें असतां मात्र तो कानाआधीं छातीस आणि तळपायांस कळतो. ढोलांच्या पथकाजवळ उभ्या राहिलेल्या माणसास याची थोडीबहुत कल्पना येईल. घरीं बसून ऐकलेलें हें संगीत अर्धेंच ऐकलेलें असतें, आणि त्याच्या इतिहासांतील बहुतेक गोष्टी या एका अडचणींतून निघाल्या आहेत.

त्याचें मूळ लंडनांत नाहीं. जमेका बेटावरील किंग्स्टन शहरांत दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळांत, वाद्यवृंद परवडत नसलेल्या गरीब वस्त्यांतून, मोकळ्या अंगणांत मोठमोठे कर्णे मांडून तबकड्या वाजविण्याची चाल पडली. त्या सामग्रीस व ती चालविणाऱ्या मंडळीस मिळून 'साउंड सिस्टिम' म्हणत. ड्यूक रीड हा पूर्वीचा पोलीस, पुढें मद्याचा दुकानदार. कॉक्सन डॉड हा अमेरिकेंत शेतमजुरीस जाऊन येतांना तबकड्या घेऊन आलेला. दोघांची चुरस मोठी कडवी असे. प्रतिपक्षास गीताचा पत्ता लागूं नये म्हणून तबकडीवरील कागद खरवडून टाकीत. विलिस जॅक्सन या अमेरिकन वादकाची एक तबकडी डॉडनें अशीच निनांवी करून तिला 'कॉक्सन हॉप' हें आपलें नांव दिलें होतें. यांत लबाडी होती हें खरें; पण अमक्या अंगणांतच अमुक गीत ऐकावयास मिळेल, ही ओढही तिच्यांतूनच उत्पन्न झाली. पुढें हे लोक स्वतः गीतें मुद्रित करूं लागले, तेव्हां विक्रीपूर्वीं एखादी प्रत कोरून ती गर्दीपुढें वाजवून पाहण्याची रीत पडली. हीच 'डबप्लेट'. किंग टबी या नांवानें विख्यात झालेल्या, यंत्रदुरुस्तीचा धंदा करणाऱ्या कुशल कारागिरानें १९७० नंतरच्या वर्षांत गीतांतील गळा काढून टाकून मागचा ताल आणि खर्ज तेवढा पुढें आणला. 'डब' तो हाच. १९८९ मध्यें त्याचा गोळी घालून खून झाला.

२२ जून १९४८ रोजीं 'एम्पायर विंडरश' या जहाजांतून वेस्ट इंडीजचे प्रवासी इंग्लंडांत उतरले. त्यांतील दोनशेंहून अधिक लोकांस क्लॅपहॅम येथील युद्धकालीन भुयारांत तात्पुरतें ठेवण्यांत आलें, आणि काम मिळवून देणारी कचेरी जवळच ब्रिक्स्टनला असल्यामुळें त्यांच्या बांधवांची वस्ती तेथें वाढली. त्या काळच्या अनेक नृत्यगृहांचे दरवाजे काळ्या माणसास बंद असत. ड्यूक विन यानें १९५५ च्या सुमारास लंडनांत साउंड सिस्टिम उभी केली ती या परिस्थितींत. तळघरांतून आणि राहत्या घरांतून रात्री भरूं लागल्या. शेजाऱ्यांची तक्रार आणि पोलिसांची धाड हीं त्यांच्या पांचवीस पुजलेलीं होतीं. २०२३ सालीं निवर्तलेला जाह शाका हा तर अंधाऱ्या दालनांत एकच तबकडी-यंत्र घेऊन तासन्‌तास एकटा वाजवीत असे.

शतकाच्या अखेरीस जंगल, गॅरेज असे प्रकार लंडनांत निघाले, आणि क्रॉयडन या उपनगरांतील 'बिग अॅपल' या तबकड्यांच्या दुकानापाशीं जमणाऱ्या मुलांनीं गॅरेजमधील गाणें आणि झगमगाट काढून खर्ज तेवढा ठेविला. त्यांतील स्क्रीम आणि बेंगा हीं तर शाळकरी वयाचीं. या नव्या चालीच्या गीतांस २००१ मध्यें सोहो भागांत सुरू झालेल्या 'फॉरवर्ड' नांवाच्या रात्रीनें पहिला आसरा दिला. ही रात्र पुढें शोरडिच येथील 'प्लास्टिक पीपल' या लहानशा तळघरांत गेली. रिन्स ही नभोवाणी तेव्हां बिनपरवाना चाले (तिला परवाना मिळाला तो २०१० मध्यें). तीवरूनही हीं गीतें ऐकूं येत.

आपल्याकडे 'डीजे' हा शब्द मिरवणुकींतील कर्ण्यांच्या गाडीस लावण्याचा प्रघात पडला आहे. येथें तो तबकड्या वाजविणाऱ्या माणसाचा वाचक आहे, आणि त्याचें काम एकामागून एक तबकडी लावणें एवढेंच नव्हे. चांगला डीजे रात्रीच्या आरंभीं खर्ज हातचा राखून ठेवतो. विरळ तालाचीं, जवळजवळ निःशब्द वाटावीं अशीं गीतें तो आधीं वाजवितो. गर्दी दाटली, पायांस लय सांपडली, कीं मग तबकडीच्या पेटींतून ती एक काढतो जी दुसऱ्या कोणापाशीं नाहीं. फॉरेस्ट हिल येथील 'ट्रान्झिशन' या कारखान्यांत हीं गीतें अॅल्युमिनियमच्या पत्र्यावरील मऊ लेपांत कोरून मिळत. कोरणारा कारागीर खर्ज किती ठेवावा याचाही सल्ला देई. अशी तबकडी महिनोन्‌महिने, कधीं वर्षभर, बाजारांत येत नसे. ती ऐकावयाची असेल तर ब्रिक्स्टनलाच गेलें पाहिजे.

परंतु अखेरचा निवाडा गर्दीचा. एखादें गीत मनास भिडलें कीं लोक हात उंचावून, भिंतीवर थापा मारून ओरडत. पोक्स ध्वनिवर्धकावरून त्यांस साथ देई. आणि डीजे तबकडी थांबवून ती पुनः आरंभापासून लावी. यास 'रिवाइंड' म्हणतात, आणि तीही जमेकाचीच रीत आहे. संगीत नाटकांतील 'वन्समोअर' ज्यांस ठाऊक आहे त्यांना निराळें सांगावयास नको. फरक इतकाच कीं तेथें मान नटाच्या गळ्यास मिळे, आणि येथें तो कित्येकदां ज्याचें नांवही प्रेक्षकांस ठाऊक नाहीं अशा गीतास मिळतो.

जानेवारी २००६ मध्यें मेरी अॅन हॉब्स यांनीं बी. बी. सी. च्या नभोवाणीवर या मंडळींचा कार्यक्रम घडवून आणला आणि हें तळघरांतील संगीत एकाएकीं देशोदेशीं पोंचलें. त्याच मार्चमध्यें 'डी. एम. झेड.'च्या पहिल्या वाढदिवशीं दाराबाहेरची रांग इतकी लांबली कीं सारा मेळावा ऐन वेळीं वरच्या मोठ्या दालनांत हलवावा लागला. कीर्तीनें हानिही केली. थोड्याच वर्षांत अमेरिकेंत जो कर्कश प्रकार डबस्टेप म्हणून गाजला, त्यांत खर्जाचा संयम जवळजवळ उरलाच नव्हता.

दुसरें संकट जुनेंच होतें. रात्र भरविणारांकडून लंडनचे पोलीस 'फॉर्म ६९६' नांवाचें एक पत्रक भरून घेत. आरंभीं त्यांत संगीत कोणत्या प्रकारचें आणि येणारे लोक कोणत्या वंशाचे, असेही प्रश्न होते. भुयारांत उतरविलेल्या माणसांच्या नातवंडांस या प्रश्नांचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नव्हती. ते प्रश्न पुढें गाळले, तरी पत्रक रद्द होण्यास २०१७ साल उजाडावें लागलें. 'प्लास्टिक पीपल'चा परवाना पोलिसांच्या मागणीवरून २०१० मध्यें फेरविचारास निघाला. त्या वेळीं तें वांचलें, परंतु २०१५ च्या आरंभीं कायमचें बंद झालें.

त्या काळच्या डबप्लेटा अद्याप कांहीं डीजेंच्या पेट्यांतून आहेत. त्यांतील कांहीं गीतें कधींच विक्रीस आलीं नाहींत. लेप मऊ असल्यामुळें प्रत्येक वेळीं सुई त्याचा थोडा अंश खरवडून नेते, आणि कांहीं डझन वेळां वाजल्यावर तबकडी खरखरूं लागते. आधीं झिजतात ते वरचे बारीक स्वर. खर्ज त्यांच्याहून पुष्कळ अधिक टिकतो.