ईमॅक्समधून मराठी छापताना: एका सेटिंगचा इतिहास

मंडळी, या शनिवारचा विषय जरा रुक्ष आहे, पण त्याची गरज धुळ्यात पडली. घरच्या मोठ्यांकडून ऐकलेले अहिराणी शब्द मी ईमॅक्समध्ये टंकून ठेवतो: 'शे' म्हणजे आहे, 'मना' म्हणजे माझा, वगैरे. ही यादी तपासू शकतील अशी माणसं आता सत्तरीच्या पुढची आहेत. त्यांना स्क्रीन नको, कागद आणि पेन हवं. आणि ईमॅक्सचं घोडं नेमकं कागदावरच अडतं.

का अडतं, ते समजायला थोडं मागे जावं लागेल. ईमॅक्सचा जन्म १९७६ चा, एमआयटीतला. जीएनयू ईमॅक्स १९८५ पासून लोकांच्या हाती आला. १९९७ च्या विसाव्या आवृत्तीत जपानी संशोधक केनिची हांडा आणि सहकाऱ्यांचं 'म्यूल' हे बहुभाषिक काम मुख्य ईमॅक्समध्ये सामील झालं. आपल्याकडे १९९१ साली इस्की हे मानक ठरलं होतं. ईमॅक्सला ते वाचता येतं. एवढंच नव्हे, त्याच्या एका अक्षरसंचाच्या नावात चक्क पुण्याचं सीडॅक आहे!

छपाईसाठी 'पीएस-प्रिंट' नावाचं पॅकेज आहे. त्यातल्या 'पीएस-मल्टिबाइट-बफर' या सेटिंगला चार किमती देता येतात. 'निल' म्हणजे फक्त लॅटिन. 'नॉन-लॅटिन-प्रिंटर' म्हणजे जपानी किंवा कोरियन फॉन्ट पोटात असलेला प्रिंटर. उरलेल्या दोन बीडीएफ या ठिपक्यांच्या फॉन्टसाठी. मूळ किंमत 'निल', म्हणून मराठी फाइल छापायला गेलं की फॉन्ट नसल्याची तक्रार येते.

मग बीडीएफ लावला की झालं? नाही ना! चारही किमतींमागे समजूत एकच: एक अक्षर, एक ठसा. जपानीला ती चालते. आपल्या जिल्ह्याचे चार तालुकेच घ्या: धुळे, साक्री, शिंदखेडा, शिरपूर. 'शिरपूर'मध्ये साठवताना आधी श येतो, मग वेलांटी. कागदावर मात्र वेलांटी आधी काढायची. 'साक्री'त क, हलन्त आणि र यांचा मिळून एक आकार होतो. ही जुळणी करणारी पायरी स्क्रीनसाठी आली: २००९ ची तेविसावी आवृत्ती युनिकोडवर गेली, २०२० च्या सत्ताविसाव्या आवृत्तीत हार्फबझ आलं. पीएस-प्रिंट मात्र ही पायरी वापरत नाही. म्हणून स्क्रीनवर झकास, कागदावर बोंब.

उपाय सोपा आहे. पीएस-प्रिंटला हात लावायचा नाही. 'पॅप्स' नावाचा छोटा प्रोग्राम युटीएफ-८ मजकूर घेतो, पँगोकडून अक्षरं जुळवून घेतो आणि छापण्याजोगं रूप देतो. लिनक्सवर मी असं केलं:

१. दोन ओळींची स्क्रिप्ट: आलेला मजकूर पॅप्सला द्या, त्याचं आउटपुट एलपीआरला द्या. फॉन्ट लोहित देवनागरी.
२. ईमॅक्सच्या 'एलपीआर-कमांड'मध्ये त्या स्क्रिप्टचं नाव.
३. 'एलपीआर-ॲड-स्विचेस' निल. नाहीतर ईमॅक्स शीर्षकाचे जादा पर्याय स्क्रिप्टच्या गळ्यात मारतो.
४. छापताना 'एलपीआर-बफर' ही आज्ञा. 'पीएस-प्रिंट-बफर' नको.

चाचणीला वरचे चार तालुके छापा. 'शिरपूर' आणि 'साक्री' नीट आले की बाकीचं येतं.

आता हे सगळं लिहून का ठेवायचं? इतिहासाचार्य वि. का. राजवाडे १९२६ च्या ३१ डिसेंबरला धुळ्यात गेले. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे बावीस खंड त्यांनी काढले, पहिला १८९८ साली. दप्तरात कागद असून भागत नाही, तो छापून चार लोकांपुढे यावा लागतो, हे त्यांच्याकडून शिकावं. आमच्या यादीतले शब्द ओळखणारी माणसं दरवर्षी कमी होताहेत. त्यांच्यापुढे ठेवायचा कागद या एका सेटिंगपायी अडून राहू नये.

असो. स्क्रिप्टच्या पहिल्याच ओळीवर मी तीन वाक्यांची मराठी टीप टाकली आहे. तुम्हीही टाका. पुढच्या माणसाचा एक शनिवार तरी वाचेल.