दुकान आपलं, ओटा दुसऱ्याचा: धंद्याच्या व्हिडिओंचा पंचवीस वर्षांचा इतिहास

आजचा विषय तुमच्याच मेसेजमधून आलाय. शब्द वेगवेगळे असतात, पण प्रश्न एकच: "छोटा धंदा आहे, मालाचे व्हिडिओ बनवतोय. यूट्यूबवर टाकू की स्वतःच्या वेबसाइटवर ठेवू?" विचारणाऱ्यांत कुणी मसाले विकतं, कुणी मेंदीचे क्लास घेतं, कुणी शेतीची अवजारं बनवतं.

याचं उत्तर मी इतिहासातून देणार आहे. कारण गेल्या पंचवीस वर्षांत मोठमोठ्या कंपन्यांनी हाच प्रश्न पुन्हा पुन्हा सोडवून पाहिलाय आणि प्रत्येक वेळी उत्तर बदललंय. ते का बदललं हे कळलं की आपलं उत्तर आपल्याला काढता येतं.

१९९९: दारात गर्दी झाली आणि दारच अडलं

यूट्यूब नव्हतं तेव्हा कंपनीला व्हिडिओ दाखवायचा तर एकच रस्ता होता: आपली वेबसाइट, आपला खर्च. फेब्रुवारी १९९९ मध्ये व्हिक्टोरियाज सीक्रेट या अमेरिकन अंतर्वस्त्रांच्या कंपनीने आपला फॅशन शो इंटरनेटवर थेट दाखवायचं ठरवलं. सुपर बोल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलची सगळ्यात मोठी मॅच, तिच्यात टीव्हीवर जाहिरात देऊन लोकांना बोलावलं. आणि लोक आले! सुमारे १५ लाख. त्यातल्या कित्येकांना आत शिरताच आलं नाही. जे शिरले त्यांना पोस्टाच्या तिकिटाएवढं, अडखळणारं चित्र दिसलं. घरोघरी तेव्हा टेलिफोनच्या तारेवर चालणारे मोडेम होते, हेही लक्षात घ्या.

इथे एक गंमत समजून घेऊ. टीव्हीच्या टॉवरला घराघरातले प्रेक्षक वाढले तरी जादा खर्च येत नाही. वेबवर तसं नसतं. प्रत्येक बघणाऱ्याला सर्व्हर व्हिडिओची वेगळी प्रत पाठवतो. तुमचा व्हिडिओ ५० एमबीचा आहे आणि तो १० हजार लोकांनी पूर्ण पाहिला, तर ५०० जीबी डेटा तुमच्या सर्व्हरवरून गेला. त्याचं बिल कुणाला? तुम्हाला. म्हणजे व्हिडिओ पडला तर स्वस्त, आणि चालला तर महाग! स्वतःच्या वेबसाइटवर व्हिडिओ ठेवण्याची मूळ अडचण हीच होती.

पैसा असला की ती सोडवता येत होती. २००१ मध्ये बीएमडब्ल्यूने 'द हायर' नावाची छोट्या फिल्म्सची मालिका काढली. क्लाइव्ह ओवेन ड्रायव्हरच्या भूमिकेत, आणि दिग्दर्शकांमध्ये अँग ली, वाँग कार-वाय, गाय रिची अशी नावं. या फिल्म्स कंपनीने स्वतःच्या खास वेबसाइटवर ठेवल्या. लोक त्या बघायला थेट कंपनीच्या दारात आले. पण बीएमडब्ल्यूचं बजेट आणि आपलं बजेट यात फरक आहे ना!

२००५: बिल भरायला कुणीतरी पुढे आलं

पेपालमध्ये काम केलेल्या तीन तरुणांनी, म्हणजे चॅड हर्ली, स्टीव्ह चेन आणि जावेद करीम यांनी, २००५ मध्ये यूट्यूब सुरू केलं. २३ एप्रिलला पहिला व्हिडिओ चढला: प्राणिसंग्रहालयात हत्तींसमोर उभा असलेला जावेद, १९ सेकंद.

यूट्यूबच्या आधी व्हिडिओ बघायचा तर कुठे रिअलप्लेअर लागायचा, कुठे क्विकटाइम, कुठे विंडोज मीडिया प्लेअर. यूट्यूबने सांगितलं: कुठल्याही प्रकारची फाइल द्या, आम्ही ती फ्लॅशमध्ये बदलतो. फ्लॅश तेव्हा बहुतेक कॉम्प्युटरवर आधीच असायचं. शिवाय एक छोटा कोड द्यायचे, तो आपल्या पानावर चिकटवला की व्हिडिओ तिथेच चालायचा. म्हणजे पान तुमचं, व्हिडिओ त्यांच्या सर्व्हरवर, आणि बिलही त्यांचं. ऑक्टोबर २००६ मध्ये गूगलने यूट्यूब १६५ कोटी डॉलरला घेण्याचा सौदा जाहीर केला. इतकं मोठं बिल भरायला गूगल का तयार झालं? कारण बघणाऱ्यांचं लक्ष जाहिरातदारांना विकता येणार होतं.

याचा सगळ्यात हुशार फायदा कुणी घेतला? माझ्या मते ब्लेंडटेकने. अमेरिकेतल्या युटा राज्यातली ही ब्लेंडर बनवणारी कंपनी. मालक टॉम डिक्सन यांना ब्लेंडरमध्ये लाकडाचे तुकडे घालून मशीन तपासायची सवय. मार्केटिंग बघणाऱ्या जॉर्ज राइट यांनी जमिनीवर पडलेला भुसा पाहिला आणि म्हणाले, हेच शूट करू. २००६ मध्ये अवघ्या ५० डॉलरच्या सामानात पहिले व्हिडिओ झाले. ब्लेंडरमध्ये काय घातलं? काचेच्या गोट्या, दाताळ्याचा दांडा. पुढच्या वर्षी तर नवाकोरा आयफोन! व्हिडिओ यूट्यूबवर गाजले, पण कंपनीने मालिकेची स्वतःची वेबसाइटही ठेवली. व्हिडिओतून व्ह्यूज कमवायला ते बसले नव्हते, त्यांना ब्लेंडर विकायचे होते.

दुसरा किस्सा २०१२ चा. डॉलर शेव्ह क्लब ही दाढीची ब्लेड घरपोच पाठवणारी नवी कंपनी. मालक मायकल डुबिन यांनी सुमारे साडेचार हजार डॉलरमध्ये एक विनोदी व्हिडिओ केला आणि मार्चमध्ये यूट्यूबवर टाकला. काय झालं? यूट्यूबला काहीच झालं नाही. कंपनीची वेबसाइट मात्र कोसळली! ती सावरली आणि दोन दिवसांत १२ हजार ऑर्डर आल्या. नीट बघा हं: गर्दीचा भार यूट्यूबने सोसला, पण ऑर्डर, ग्राहकाचं नाव आणि पत्ता कंपनीच्या वहीत गेला. व्हिडिओ यूट्यूबवरच राहिला असता आणि वेबसाइटच नसती, तर हाती फक्त टाळ्या आल्या असत्या. २०१६ मध्ये युनिलिव्हरने ही कंपनी घेतली, किंमत सुमारे १०० कोटी डॉलर असल्याच्या बातम्या होत्या.

मग भाडं लागू झालं

फुकटच्या ओट्यावर दुकान मांडलं की भाडं नसतं, पण मालकाच्या अटी असतात. आणि त्या बदलतात.

पहिली अट: शेजार. तुमच्या वेबसाइटवर यूट्यूबचा व्हिडिओ लावला की शेवटी इतर व्हिडिओंची चित्रं दिसतात. आधी एक सेटिंग बदलून ती घालवता यायची. सप्टेंबर २०१८ पासून ती सोय गेली. तेच सेटिंग आता फक्त तुमच्याच चॅनलचे व्हिडिओ सुचवतं. ते लावायला विसरलात, तर तुमच्याच दुकानात समोरच्याची पाटी झळकू शकते.

दुसरी अट: जाहिरात. नोव्हेंबर २०२० मध्ये यूट्यूबने नियम बदलले, आधी अमेरिकेत आणि २०२१ मध्ये इतर देशांत. ज्या चॅनलला कमाईचा वाटा मिळत नाही, त्याच्याही व्हिडिओवर यूट्यूब जाहिरात दाखवू शकतं. म्हणजे तुमच्या लोणच्याच्या व्हिडिओआधी दुसऱ्याच्या लोणच्याची जाहिरात, आणि तुमच्या हाती शून्य.

तिसरी अट सगळ्यात कडक: ओटाच उठणं. गूगल व्हिडिओने २००९ मध्ये नवीन व्हिडिओ घेणं थांबवलं आणि २०१२ मध्ये उरलेला माल यूट्यूबवर हलवला. ब्लिप ही साइट २०१५ मध्ये बंद झाली. सहा सेकंदांच्या व्हिडिओंचं वाइन जानेवारी २०१७ मध्ये गेलं. आणि मग आपल्याकडचा दिवस, २९ जून २०२०. भारत सरकारने ५९ ॲप्सवर बंदी आणली, त्यात टिकटॉक होतं. महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून कितीतरी पोरं-पोरी तिथे नाव कमवत होती. त्यांची चूक काही नव्हती. पण फॉलोअर ॲपच्या वहीत होते, त्यांच्या वहीत नव्हते. ज्यांचे व्हिडिओ स्वतःकडे जपलेले होते आणि चाहते दुसरीकडेही जोडलेले होते, त्यांना पुन्हा उभं राहायला आधार होता. बाकीच्यांची गाडी पुन्हा शून्यावरून.

मधला रस्ता

"म्हणजे स्वतःच्या सर्व्हरवर ठेवायचं?" थांबा. आपल्याकडे २०१६ मध्ये जिओ आलं आणि बघणारे मोबाइलवर आले. एसटीत बसलेल्या माणसाची रेंज मिनिटामिनिटाला बदलते. यूट्यूब त्यासाठी एकाच व्हिडिओच्या लहानमोठ्या प्रती ठेवतं आणि रेंज घसरली की हलकी प्रत पाठवतं. तुम्ही वेबसाइटवर नुसती एक जड फाइल टाकलीत, तर ते चाक गरागरा फिरत बसणार आणि गिऱ्हाईक निघून जाणार. १९९९ चाच धडा, फक्त आता हातातल्या फोनवर.

याला मधला रस्ता आहे. विमिओ २००४ पासून आहे, आणि २००६ मध्ये निघालेली विस्टिया खास धंद्यांच्या व्हिडिओंसाठी आहे. पैसे भरायचे, व्हिडिओ त्यांच्या सर्व्हरवर, पण दिसतो तुमच्या पानावर, परक्या जाहिरातीविना. तरी भाडेकरूपण सुटत नाही हं! मार्च २०२२ मध्ये विमिओने भरपूर बँडविड्थ वापरणाऱ्या काही निर्मात्यांकडे वर्षाला हजारो डॉलर मागितले. आरडाओरड झाल्यावर नियम बदलावे लागले.

मग आपण काय करायचं?

या इतिहासातून मी एवढंच घेतो: व्हिडिओ कुठे ठेवायचा हे तो कुणासाठी आहे त्यावर ठरवा.

जो तुम्हाला ओळखत नाही, त्याच्यासाठीचा व्हिडिओ बाजारात हवा. "काळा मसाला घालून आमटी कशी करायची" हे लोक यूट्यूबवर शोधतात, तो तिथेच टाका. जो आधीच तुमच्या दारात आलाय, त्याच्यासाठीचा व्हिडिओ तुमच्या पानावर हवा: ऑर्डर कशी द्यायची, मशीन कसं जोडायचं, पैसे भरून घेतलेला क्लास. इथे परकी पाटी परवडत नाही. त्यासाठी पैसे भरून मधला रस्ता घ्या.

दोन कामं आजच करा. प्रत्येक व्हिडिओची मूळ फाइल हार्ड डिस्कवर ठेवा, कारण टिकटॉकच्या वेळी सूचना देऊन कुणी थांबलं नव्हतं. आणि प्रत्येक गिऱ्हाइकाचं नाव नि नंबर, त्याला विचारून, स्वतःच्या वहीत लिहा. साधी वही चालेल. डॉलर शेव्ह क्लबची किंमत त्या वहीत होती.

तुमचा धंदा काय आणि तुमचे व्हिडिओ आज कुठे आहेत, ते मला कळवा. पुढच्या भागात त्यातली काही उदाहरणं घेऊन बोलू. तोवर काळजी घ्या, आणि हा भाग एखाद्या दुकानदार मित्राला नक्की पाठवा!