भूक मंदावणे (वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेनंतर)

लठ्ठपणासाठी जठर लहान करण्याची किंवा अन्नाचा मार्ग वळवण्याची शस्त्रक्रिया झाल्यावर काही आठवडे ते काही महिने भूक जवळजवळ नाहीशी होते. दोन-चार घासांत पोट गच्च वाटते, आवडते पदार्थ नकोसे होतात, कधी कधी जेवणाची वेळ टळून गेल्याचेही ध्यानात राहत नाही. बहुतेक रुग्णांत हा शस्त्रक्रियेचा अपेक्षित परिणाम असतो; ती करण्यामागचा एक हेतूच तो असतो. मात्र भूक गेली तरी प्रथिने, पाणी आणि जीवनसत्त्वे यांची गरज कमी होत नाही. बरे होण्याच्या काळातील बऱ्याच अडचणी येथूनच सुरू होतात.

कारणे : भारतात सर्वाधिक होणाऱ्या ‘स्लीव्ह’ शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग कापून काढतात आणि केळ्याच्या आकाराची अरुंद नळी शिल्लक ठेवतात. काढलेल्या भागात जठराचा वरचा फुगीर घुमट असतो. भूक चेतवणारे घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः तेथेच तयार होते, त्यामुळे शस्त्रक्रियेनंतर रक्तातील त्याचे प्रमाण झपाट्याने उतरते. ‘गॅस्ट्रिक बायपास’मध्ये (हृदयाच्या बायपासशी याचा संबंध नाही) अन्न जठराचा मोठा भाग व लहान आतड्याचा आरंभ टाळून थेट पुढे जाते. आतड्याच्या खालच्या भागात ते लवकर पोचल्याने जीएलपी-१ आणि पीवायवाय ही तृप्तीची संप्रेरके जेवणानंतर एरवीपेक्षा बरीच जास्त स्रवतात. भूल, वेदनाशामके, आतली सूज आणि बदललेली चव यांची पहिल्या दिवसांत भर पडते. गोड फार गोड लागते. मटण-चिकनचा वासही अनेकांना सहन होत नाही.

इतिहास : अल्सरसाठी जठराचा मोठा भाग काढलेल्या रुग्णांचे वजन नंतर वाढत नाही, हे शल्यचिकित्सकांना पूर्वीपासून ठाऊक होते. याच निरीक्षणावरून अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाचे एडवर्ड मेसन यांनी १९६६ मध्ये लठ्ठपणासाठी गॅस्ट्रिक बायपास सुरू केला. जठर लहान झाले म्हणून माणूस कमी खातो, एवढाच उलगडा त्यानंतर दीर्घकाळ पुरेसा मानला गेला. १९९९ मध्ये जपानी संशोधक कोजिमा व कांगावा यांनी घ्रेलिन शोधले आणि जागा कमी होणे व इच्छा कमी होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे स्पष्ट होऊ लागले. लहान जठर भरलेले असतानाही भूक लागू शकते आणि ते रिकामे असूनही लागत नाही. नातेवाइकांना दुसरी गोष्ट पटवून देणे अधिक अवघड जाते.

मुंबईत : राजकीय नेते नितीन गडकरी यांनी २०११ मध्ये मुंबईत वजन घटवण्याची शस्त्रक्रिया करून घेतली, तेव्हा ती अनेक मराठी घरांत बोलण्याचा विषय झाली. त्याहून मोठी चर्चा इमान अहमद यांची झाली. इजिप्तमधील अलेक्झांड्रियाच्या या रुग्णाचे वजन सुमारे ५०० किलो असल्याचे सांगितले जात होते. ११ फेब्रुवारी २०१७ रोजी त्यांना मालवाहू विमानाने मुंबईत आणले. चर्नी रोडच्या सैफी रुग्णालयात डॉ. मुफझ्झल लकडावाला यांच्या पथकाने ७ मार्चला स्लीव्ह शस्त्रक्रिया केली. नेमके किती किलो उतरले यावर कुटुंबीय व डॉक्टर यांच्यात जाहीर वाद झाला. ४ मे रोजी इमान यांना अबूधाबीला हलवले आणि २५ सप्टेंबरला तेथेच त्यांचा मृत्यू झाला. त्या साऱ्या महिन्यांत बातम्या वजनकाट्याच्या आकड्यांच्या होत्या. शस्त्रक्रियेनंतर माणूस काय खातो, त्याला खावेसे वाटते का, हा प्रश्न वाचकांसमोर क्वचितच आला.

काळाचौकीच्या संदर्भात : हा प्रश्न घरात कसा उभा राहतो ते येथे दिसते. लालबाग आणि कॉटन ग्रीन यांच्यामधला हा मुंबईच्या गिरणगावाचा भाग. कोकणातून आणि घाटावरून आलेल्या गिरणी कामगारांची ही वस्ती आता चाळी, अभ्युदयनगरच्या इमारती आणि नवे टॉवर यांत विभागली आहे. बायकांनी चालवलेल्या खानावळींवर येथील एकट्या कामगारांची पोटे भरत. या खानावळवाल्या बायकांना एकत्र आणून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. ताटात काय आणि किती वाढले यावरून माया मोजायची सवय अशा वस्तीत मुरलेली असते. म्हणून घरी परतलेल्या रुग्णाने अर्धी वाटी वरण खाऊन ताट सरकवले की सासूबाई, शेजारच्या काकी, गावाहून आलेली आत्या अशा सगळ्यांचा धीर सुटतो. “दोन घास तरी खा गं, अशाने ताकद कशी येणार?” असे म्हणत वाढलेला तिसरा घास बहुधा उलटून पडतो. रुग्णाचा यात हट्ट नसतो, वाढणाऱ्याचाही दोष नसतो. फरक पडतो तो रुग्णालयातून निघण्यापूर्वी स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीला समोर बसवून आहार समजावला होता की नाही याने. आहारतज्ज्ञाचा कागद रुग्णाच्या हाती आणि पातेले दुसऱ्याच्या, अशी स्थिती आपल्याकडे नेहमीची.

आजाऱ्याला द्यायच्या घरगुती अन्नाबाबतही सावध राहावे लागते. भाताची पेज, साबुदाण्याची खीर, डाळीचे वरचे पाणी हे पचायला हलके असले तरी त्यांत प्रथिने फारच थोडी असतात. साधारणपणे दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिने सांगितली जातात. एका अंड्यात ती सुमारे ६ ग्रॅम, २०० मिलिलीटर दुधात ६ ते ७ ग्रॅम आणि १०० ग्रॅम पनीरमध्ये १८ ग्रॅमच्या आसपास मिळतात. पोटात एका वेळी जेमतेम अर्धी वाटी मावत असताना ती पेजेने भरणे परवडत नाही. पहिले सुमारे दोन आठवडे पातळ पदार्थ, मग मऊ वाटलेले अन्न, पुढे मऊ घन आहार आणि सहा ते आठ आठवड्यांनी नेहमीचे जेवण, असा क्रम बहुतेक ठिकाणी असतो. नेमके वेळापत्रक ज्याचे त्याचे रुग्णालय ठरवते. पातळ आहारात ताक, दूध, गाळलेले सूप व प्रथिनांची पावडर, तर पुढे घोटलेली मुगाची डाळ, मऊ अंडे, काटा काढलेला मासा बसतो. येथे कोकणी घरांना एक सोय आहे : ज्यांना चिकन नकोसे होते त्यांना ओल्या बोंबलाचा किंवा पापलेटचा मऊ तुकडा पुष्कळदा चालतो. अर्थात कालवण कमी तिखटाचे हवे. लालबागच्या मसाला गल्लीतून दळून आणलेला वर्षाचा मसाला काही महिने डब्यात राहिलेला बरा.

भूक सांगत नसल्यामुळे घड्याळ पाहून खावे लागते. लहान घास, भरपूर चावणे, एका जेवणाला वीस-तीस मिनिटे, आणि जेवणाच्या आगेमागे अर्धा तास पाणी नाही. दिवसभरात मात्र दीड ते दोन लिटर द्रव घोटाघोटाने जायला हवे. ते न गेल्यास होणारी निर्जलता हे पुन्हा दाखल व्हावे लागण्याच्या नेहमीच्या कारणांपैकी एक आहे. गणपतीत गूळखोबऱ्याचा मोदक भावनेच्या भरात खाल्ला जातो आणि, विशेषतः बायपासनंतर, अर्ध्या तासात घाम, धडधड, पोटात कळ व जुलाब सुरू होतात. साखर आतड्यात एकदम उतरल्याचा हा परिणाम. श्रावणातले व नवरात्रातले उपवास पहिल्या वर्षी डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नयेत.

धोक्याच्या खुणा : भूक नसणे आणि अन्न आत न टिकणे यांत फरक करावा लागतो. पाणीही उलटून पडत असेल तर नळी अरुंद झाल्याची शंका घेतात. पहिल्या दिवसांत ताप, पोटदुखी आणि नाडी मिनिटाला १२० च्या वर हे टाक्यांतून गळती होत असल्याचे लक्षण असू शकते. खाल्ल्यावर उजव्या कुशीत कळ येत असल्यास पित्तखडे पाहतात, कारण वजन झपाट्याने उतरताना ते होतात. बायपासनंतर अंगदुखीसाठी औषधाच्या दुकानातून घेतलेल्या डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेनसारख्या गोळ्यांनी जठर व आतडे जोडलेल्या जागी व्रण होऊ शकतो आणि त्यानेही जेवण नकोसे वाटते. लोह किंवा जस्त कमी पडणे, तसेच खिन्नता, हीही कारणे असतात. खिन्नता ‘अशक्तपणा’ म्हणून घरात खपून जाते.

सर्वांत दुर्लक्षित धोका थायमिनचा, म्हणजे जीवनसत्त्व ब-१ चा. शरीरातील त्याचा साठा दोन-तीन आठवडेच पुरतो. सतत उलट्या होणारा, काही न खाणारा रुग्ण गळून जातो आणि घरचे त्याला नाक्यावरच्या दवाखान्यात ‘सलाईन’ लावायला नेतात. बाटलीत ग्लुकोज असेल आणि त्याआधी थायमिन दिलेले नसेल तर उरलासुरला साठाही संपतो. डोळे नीट न फिरणे, तोल जाणे, बोलण्यात गोंधळ ही मेंदूच्या इजेची लक्षणे त्यातून उद्भवू शकतात आणि उशीर झाल्यास इजा कायमची राहते. म्हणून डॉक्टर कोणताही असो, पोटाची शस्त्रक्रिया झाली आहे हे त्याला आधी सांगितले पाहिजे. परळचे केईएम जवळ असल्याने काळाचौकीच्या रुग्णाला अशा वेळी थेट मोठ्या रुग्णालयात जाणे अवघड नाही.

पुढे : बहुतेकांची भूक सहा महिने ते दीड वर्षाच्या काळात कमीअधिक परतते. काहींना ती परतल्याची भीती वाटते, शस्त्रक्रिया ‘फेल गेली’ असे ते म्हणतात. प्रत्यक्षात शरीर नव्या वजनाशी जुळवून घेत असते. ब-१२, लोह, कॅल्शियम व ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या आणि ठरावीक रक्ततपासण्या मात्र आयुष्यभर चालू ठेवाव्या लागतात. २०२५ पासून भारतात टिर्झेपेटाइड आणि वजनासाठीचे सेमाग्लुटाइड ही इंजेक्शने मिळू लागली आहेत. जीएलपी-१ च्याच वाटेने ती भूक मंदावतात, आणि कमी खाण्यातून प्रथिनांची तूट त्यांच्या वापरातही होऊ शकते. ती थांबवल्यावर भूक सहसा लवकर परत येते. स्लीव्हमध्ये काढलेला जठराचा भाग मात्र परत जोडता येत नाही.