सारखा दिसणारा, पण वेगळा

कुत्र्याचे पिलू मागचे पाय ओढत चालू लागले, की आपण म्हणतो, गाडी लागली असेल. पण मेरुरज्जूतून निघणाऱ्या चेतांच्या मुळांशी एखादा एकपेशीय परजीवीही बसलेला असू शकतो.

१९०८ मध्ये टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी सापडला. पुढे आजारी कुत्र्यांच्या ऊतींत तसा जीव दिसला, की त्याला हेच नाव मिळे. १९८४ मध्ये नॉर्वेत बॉक्सर जातीच्या लुळ्या पडलेल्या पिलांत तो दिसला. मात्र त्यांच्या रक्तात टॉक्सोप्लाझ्माविरुद्धची प्रतिपिंडेच नव्हती! मग हा कोण? अमेरिकेत काम करणारे भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ जे. पी. दुबे आणि सहकाऱ्यांनी जपून ठेवलेले जुने नमुने पुन्हा तपासले. १९८८ मध्ये त्यांनी या वेगळ्या जीवाला नाव दिले, निओस्पोरा कॅनिनम. तो प्रयोगशाळेत वाढवता आल्यावर रक्तचाचणीही शक्य झाली. पाय ताठरण्याआधी निदान झाले, तर औषधाचा उपयोग होऊ शकतो.

याच परजीवीमुळे गाई गाभडतात. कुत्र्याच्या विष्ठेतून तो पसरू शकतो, हे १९९८ मध्ये सिद्ध झाले. औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर परिसरातही कुत्रा आणि गाय एकाच गोठ्यात वावरतात. म्हणून लुळ्या पिलाचे अचूक निदान आपल्या गोठ्याच्याही कामाचे आहे.