धर्मग्राम कोणाचा? वसईतील बदलत्या नेतृत्वाचा मागोवा

आमच्या वसईत फादरांची बदली झाली की दोन कार्यक्रम ठरलेले असतात. एक निरोपाचा, दुसरा स्वागताचा. निरोपाला डोळे ओले होतात, स्वागताला बँड वाजतो. या दोहोंच्या मध्ये धर्मग्रामाच्या कामाचे काय होते, याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. माझे गेले, ते एका वहीमुळे.

‘धर्मग्राम’ हा शब्द वसईबाहेरच्या वाचकाला कदाचित नवा असेल. एका चर्चच्या छायेखालील कुटुंबांचा समूह, इंग्रजीतले पॅरिश, म्हणजे धर्मग्राम. त्याचा कारभार पाहतो तो प्रमुख धर्मगुरू. त्याला सल्ला देण्यासाठी पाळकीय परिषद असते. या परिषदेवर असताना आम्ही काही स्त्री-पुरुषांनी घरोघर फिरून पुढच्या पाच वर्षांचा आराखडा केला होता. एकटे राहणारे वृद्ध किती, धर्मशिक्षणाला यायची थांबलेली मुले कोणती, नव्या इमारतींत राहायला आलेली परभाषी कुटुंबे कुठली, सगळे वहीत उतरवले. त्याच वर्षी फादर बदलले. नवे फादर वही चाळून म्हणाले, “छान आहे, बघू.” वही कपाटात गेली आणि तिथेच राहिली. त्यांना दोष द्यावा असे नाही, कारण चर्चच्या कायद्याने ते त्या वहीला बांधलेले नव्हते. पण तेव्हापासून धर्मग्राम नक्की कोणाचा, हा प्रश्न माझ्या मागे लागला. त्याच्या शोधात मी जुन्या काळात शिरलो.

१५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगिजांच्या स्वाधीन केली. पाठोपाठ फ्रान्सिस्कन, जेजुइट आणि इतर संघांचे मिशनरी आले आणि चर्च उभी राहिली. ‘पाद्रोआदो’ या व्यवस्थेने पोर्तुगालचा राजा पूर्वेकडील चर्चचा आश्रयदाता ठरला होता. चर्च पोसण्याची जबाबदारी त्याची आणि बिशप सुचवण्याचा हक्कही त्याचाच. म्हणजे धर्मग्रामाची सूत्रे दूर लिस्बनच्या दरबारात गुंतलेली होती. तरीही वसईत जन्मलेला पहिला संत राजाने नेमलेला अधिकारी नव्हता, की पाद्रीही नव्हता. १५९७ मध्ये नागासाकी येथे क्रूसावर मृत्यू पत्करणारे गोन्सालो गार्सिया हे फ्रान्सिस्कन संघातील साधे ब्रदर होते. १८६२ मध्ये त्यांना संतपद मिळाले.

१७३९ हे वर्ष मराठी माणूस चिमाजी अप्पांच्या विजयाने ओळखतो. मी त्याच वर्षाकडे चर्चच्या दारातून पाहतो. किल्ला पडला, पोर्तुगीज गेले आणि त्यांच्यासोबत युरोपीय पाद्रीही गेले. दोनशे वर्षे ज्यांनी धर्मग्राम चालवले, ते एका मोसमात नाहीसे झाले. हिशेबाने पाहिले तर वसईतला ख्रिस्ती धर्म तिथेच संपायला हवा होता. तो संपला नाही. गोव्याच्या आणि स्थानिक धर्मगुरूंनी उरलेला भार उचलला. पण ते थोडे आणि प्रदेश मोठा. अशा वेळी मुलांना प्रार्थना कोणी शिकवल्या असतील? मरणाऱ्याच्या उशाशी कोण बसले असेल? दफ्तरांत याचे उत्तर सहसा सापडत नाही, कारण आई-आजींच्या कामाची नोंद कोणी ठेवत नाही. माझा तर्क असा, की घर आणि गावातला क्रूस यांनी तो काळ तारून नेला. सहभागी सेवाकार्य हा शब्द आज नवा वाटतो. वसईने मात्र ते दोनशे ऐंशीहून अधिक वर्षांपूर्वी गरजेपोटी केले असावे.

पुढची दीड-दोन शतके अधिकाराच्या भांडणात गेली. पाद्रोआदो आणि रोमची प्रोपागांडा यांच्यातला कोणता बिशप खरा, यावर मुंबई परिसरातील धर्मग्राम दुभंगले. १८८६ मध्ये दमण धर्मप्रांत स्थापन झाला. १९२८ मध्ये तो विसर्जित होऊन मुंबईला जोडला गेला. १९५० मध्ये व्हॅलेरियन ग्रेशस मुंबईचे पहिले भारतीय आर्चबिशप झाले. माणसे आपली झाली, पण निर्णयाची दिशा वरून खालीच राहिली.

खरी उलथापालथ १९६२ ते १९६५ या काळातील दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने केली. मिस्सा लॅटिनमधून मराठीत आली. आजवर पाठ दिसणारे फादर लोकांकडे तोंड करून उभे राहिले. प्रापंचिकांनी बायबलचे वाचन सुरू केले, स्त्रियाही वाचू लागल्या. प्रापंचिकांचे धर्मकार्य ही फादरांनी दिलेली सवलत नसून बाप्तिस्म्यातून आलेला अधिकार आहे, ही परिषदेची भूमिका होती. १९८३ च्या धर्मविधीसंहितेने मात्र हात आखडता घेतला. धर्मग्रामाची अर्थसमिती सक्तीची केली, पाळकीय परिषद बिशपांच्या मर्जीवर ठेवली आणि तिचे मत केवळ सल्ल्यापुरते ठरवले. माझी वही कपाटात का गेली, त्याचे उत्तर मला या कलमात मिळाले.

याच सुमारास वसईत वेगळेच नेतृत्व घडत होते. ‘सुवार्ता’ मासिकाचे दीर्घकाळ संपादक राहिलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसईच्या लढ्यात रस्त्यावर उतरले. शेती, विहिरी आणि बागा वाचवण्यासाठी हिंदू आणि ख्रिस्ती एकत्र आले. पुढे ते उस्मानाबादच्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षही झाले. हा आमच्या अभिमानाचा भाग. पण याची दुसरी बाजूही सांगायला हवी. आमची लोकचळवळसुद्धा पांढऱ्या झग्याभोवती जमली. लोकांनी नेतृत्व मागितले, ते फादरांकडेच. सत्ता वरून सोडली जात नाही, हे जितके खरे, तितकेच ती खालून उचलली जात नाही, हेही खरे.

१९९८ मध्ये वसई स्वतंत्र धर्मप्रांत झाला. तुकोबांच्या ईश्वरानुभवाचा अभ्यास केलेले थॉमस डाबरे पहिले बिशप. २००९ मध्ये फेलिक्स मच्याडो आले, २०२४ मध्ये थॉमस डिसोजा. या धर्मप्रांतात किनाऱ्यावरचे दाट, जुने धर्मग्राम आहेत, तसे तलासरी-मोखाड्याकडचे विरळ पाडेही. तिकडे फादर दुरून येतात, पाड्यावरचा धर्मशिक्षक आणि सिस्टर रोजच्या असतात. भविष्याचा धडा आपण तिकडून घ्यावा, असे मला वाटते. कारण किनाऱ्यावरच्या घरांतही आता एक-दोनच मुले, आणि त्यातले एखादे परदेशी. प्रत्येक चर्चला दोन-तीन फादर हे चित्र कायम राहील असे धरून आराखडे करणे शहाणपणाचे नाही.

रोमचा सूर अजून दुहेरी आहे. धर्मग्रामाचे प्रमुखपद प्रापंचिकांच्या गटाकडे देता येणार नाही, असे २०२० च्या सूचनापत्राने बजावले. २०२१ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी वाचक आणि वेदीसेवक ही पदे स्त्रियांना खुली केली आणि धर्मशिक्षकाला अधिकृत सेवापद दिले. ऑक्टोबर २०२४ च्या सिनडच्या अंतिम दस्तऐवजाने पाळकीय परिषदांसारखी सहभागी मंडळे सक्तीची व्हावीत असा आग्रह धरला. आमची मागणी याहून मोठी नाही. फादर बदलले तरी परिषद आणि आराखडा टिकावा. नव्या फादरांना तो बदलायचा असेल तर त्यांनी सभेत कारणे सांगून बदलावा. आणि सभेला लोकांनी यावे, कारण रिकाम्या खुर्च्यांना कोणी सत्ता देत नाही.

यंदा मी कपाट उघडून वही मागितली. फादरांनी ती लगेच काढून दिली. इतक्या वर्षांत कोणी मागितलीच नव्हती, असे ते म्हणाले. एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या यादीतली निम्मी नावे आता स्मशानातल्या क्रूसांवर आहेत. उरलेल्यांकडे आम्ही या पावसाळ्यानंतर पुन्हा जायला लागलो आहोत. दोन घरी फादरही सोबत आले होते.