पारणें नसलेला उपवास

खानदेशांत अन्नत्याग म्हटला म्हणजे एकादशी आठवते, नाहीं तर अमळनेरचे साने गुरुजी. विठ्ठलमंदिर अस्पृश्यांस खुलें व्हावें म्हणून १९४७ सालीं त्यांनीं पंढरपुरास उपोषण केलें. व्रताला तिथीनें पारणें, उपोषणाला मागणी मान्य होतांच. ज्याला पारणेंच नाहीं तो अन्नत्याग मात्र रोग. लंडनच्या सर विल्यम गल यांनीं १८७३ सालीं त्याला ‘ॲनोरेक्सिया नर्व्होसा’ म्हटलें. घरच्यांना तो हट्टच वाटे. १९७१ सालीं मेंदूचीं छेदचित्रें घेणारें यंत्र रुग्णालयांत आलें, आणि पुढें दिसलें कीं या रोगांत मेंदूच आक्रसतो, त्यांतील पोकळ्या रुंदावतात. २०२२ सालच्या अनेक देशांच्या एकत्रित अभ्यासांत, वजन सावरूं लागलेल्यांत ही झीज पुष्कळच कमी आढळली. अर्थात् चित्रानें रोग हटत नाहीं. अन्नच द्यावें लागतें, तेंही वैद्याच्या देखरेखीखालीं, हळूहळू.