मालेगावचे पहिले महापौर

नगरपालिकेतून विधिमंडळात आणि तेथून राज्यकारभारात, ही चढण आपल्याकडे पुष्कळांनी चढलेली आहे. फिरोजशहा मेहता मुंबईच्या कॉर्पोरेशनात घडले; गोखल्यांनी पुणे नगरपालिकेचे अध्यक्षपद भूषविले; वल्लभभाईंची कर्तबगारी प्रथम अहमदाबादच्या म्युनिसिपालिटीत उजेडात आली. श्रोतेहो, आज ज्यांच्याविषयी बोलावयाचे आहे ते निहाल अहमद मौलवी मोहंमद उस्मान उतारवयात हीच वाट उलट दिशेनेही चालून आले. मंत्रिपद आणि विरोधी पक्षाचे नेतेपद भोगून झाल्यावर, पंचाहत्तरीच्या घरात असता, ते आपल्या गावाच्या महापालिकेत जाऊन बसले. हे पाऊल त्यांनी का टाकले असावे, हे समजण्यास आधी ते गाव समजून घेतले पाहिजे.

मोसम नदीच्या काठी नारो शंकरांनी अठराव्या शतकात भुईकोट किल्ला बांधला, आणि १८१८ साली इंग्रजांनी तो निकराच्या वेढ्यानंतर घेतला, एवढे शाळेतील इतिहासातून आपणांस ठाऊक असते. पण आजचे मालेगाव घडविले ते विणकरांनी. १८५७ च्या धामधुमीनंतर उत्तर हिंदुस्थानातून मोमीन कोष्टी आपले हातमाग घेऊन दक्षिणेकडे उतरले, त्यांतील पुष्कळजण येथे स्थिरावले. पुढे वीज आली, हातमागांची जागा यंत्रमागांनी घेतली, आणि रात्रंदिवस चालणारा खटखटाट हाच गावाचा श्वासोच्छ्वास होऊन बसला. नदीच्या एका अंगास बहुतांशी मुसलमान वस्ती, दुसऱ्या अंगास बहुतांशी हिंदू. नगरपालिका १८६३ ची. म्हणजे नागरी कारभाराची परंपरा जुनी. दंग्यांचीही परंपरा, दुर्दैवाने, नवी नव्हे. २५ एप्रिल १९२१ रोजी खिलाफतीच्या चळवळीत येथे जमाव भडकला, पोलीस मारले गेले, आणि नंतरच्या खटल्यात काहींना फाशी झाली.

अशा गावात धर्माच्या नावाने मते मागणे सोपे होते. निहाल अहमदांनी मार्ग धरला तो समाजवाद्यांचा, आणि त्या पक्षाच्या रिवाजाप्रमाणे लोक त्यांना ‘साथी’ म्हणू लागले. १९७८ पासून १९९५ पर्यंतच्या पाचही निवडणुकांत मालेगावने त्यांनाच विधानसभेत पाठविले. शरद पवारांच्या १९७८ च्या पुरोगामी लोकशाही दलाच्या मंत्रिमंडळात ते मंत्री होते. डिसेंबर १९८६ मध्ये पवार काँग्रेसमध्ये परतले, तेव्हा विधानसभेतील विरोधी पक्षनेत्याचे आसन जनता पक्षाकडे आले, आणि त्यावर बसले ते मालेगावचे हे आमदार. महाराष्ट्राच्या इतिहासात ही लहान गोष्ट नव्हे. तिचा उल्लेख मात्र फारसा कोणी करीत नाही.

६ डिसेंबर १९९२ रोजी बाबरी मशीद पाडली गेली. त्यानंतर त्यांनी दंडावर काळी फीत बांधली ती अखेरपर्यंत सोडली नाही. निषेधाचा हा प्रकार कित्येकांना हट्टाचा वाटला असेल. मला त्यात समाजवादी पठडीच दिसते: आवाज न चढविता, पण विसरूही न देता, चालविलेला सत्याग्रह.

१९९९ साली काँग्रेसच्या शेख रशीद यांनी त्यांचा पराभव केला. सामान्यतः येथे चरित्र संपते. परंतु २००१ च्या ऑक्टोबरात, अमेरिकन मालावर बहिष्कार घालण्याची पत्रके वाटण्यावरून गावात दंगल पेटली, गोळीबार झाला, माणसे दगावली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात नगरपालिकेची महानगरपालिका झाली, आणि २००२ साली तिचे पहिले महापौर म्हणून निहाल अहमद निवडून आले.

आता महापौर म्हणजे नेमके काय, हे सांगितले पाहिजे, कारण नावाचा डौल आणि पदाची शक्ती यांत आपल्याकडे मोठे अंतर आहे. मुंबईबाहेरील महापालिका ज्या १९४९ च्या कायद्याखाली चालतात, त्यात अंमलबजावणीचा अधिकार राज्य सरकारने नेमलेल्या आयुक्ताचा. तिजोरीवर नजर स्थायी समितीची. महापौर सभेचे अध्यक्ष, शहराचे प्रथम नागरिक, आणि फारसे काही नाही. पोलीस तर त्यांच्या कक्षेतच येत नाहीत. मंत्रालयाचा कारभार पाहिलेल्या माणसाला हे उणेपण कळत नसेल असे कसे म्हणावे? तरीही, नुकत्याच दुभंगलेल्या गावात, गटारे, पाणी, दिवाबत्ती यांच्या निमित्ताने नदीच्या दोन्ही तीरांचे प्रतिनिधी एका छताखाली बसतात ती जागा तेवढी एकच होती. तेथे वाद व्हावयाचा तो नळाचा आणि रस्त्याचा, आणि तसा वाद दंगलीपेक्षा केव्हाही बरा.

समाजवाद्यांना महापौरपदाची ओढ नवी नव्हती. १९४२ साली मुंबईचे महापौर म्हणून युसुफ मेहेरअली यांची निवड झाली. आणि ‘महापौर’ हा शब्द सावरकरांच्या भाषाशुद्धीच्या टाकसाळीतला. तो मालेगावात प्रथम धारण केला एका उर्दूभाषी समाजवाद्याने. इतिहासाला अशी गंमत सुचते.

२९ फेब्रुवारी २०१६ रोजी निहाल अहमद निवर्तले. पुढच्याच वर्षी, १९९९ मध्ये त्यांना हरविणारे शेख रशीद हेही आमदारकी भोगून झाल्यावर त्याच महापौरपदाच्या खुर्चीवर येऊन बसले.